रॉक गार्डनमधील गादीसारख्या अल्पाइन वनस्पती : कुठे जमतात, कशा लावाव्यात

दगडांच्या फटीतून खाली उतरणारी जांभळी-गुलाबी फुलांची गादी, मध्ये पान दिसू नये इतकी दाट फुले, अशी छायाचित्रे मोबाईलवर सतत फिरत असतात. त्यांच्याबरोबर बियांची पाकिटेही विकली जातात. रिसॉर्ट, फार्महाऊस किंवा बंगल्याच्या बागेचे काम घेणाऱ्या रोपवाटिकाधारकापुढे ग्राहक हेच छायाचित्र धरतो आणि ‘आम्हाला अस्सं हवं’ म्हणतो. काम स्वीकारण्याआधी या वनस्पती मुळात कुठल्या, त्यांना काय लागते आणि त्या कशाने मरतात हे तुम्हाला ठाऊक असले पाहिजे. नाहीतर दगड, खडी, रोपे आणि मजुरीचा खर्च पहिल्याच पावसाळ्यात वाया जातो.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. गडद निळ्या रंगाची ‘क्रीपिंग थाईम’ म्हणून जी छायाचित्रे दाखवतात, त्यांचा रंग संगणकावर बदललेला असतो. थाईमची फुले गुलाबी, फिकट जांभळी किंवा पांढरी असतात. निळ्या थाईमचे बी विकणारा तुम्हाला फसवतो आहे, असे समजून चालावे.

दुसरे असे की रॉक गार्डन म्हटले की आपल्याकडे चंदीगड आठवते. नेकचंद यांनी टाकाऊ वस्तूंतून उभारलेली ती बाग १९७६ मध्ये लोकांसाठी खुली झाली, पण ती शिल्पांची बाग आहे. इथे आपण बोलतो आहोत ते उंच पर्वतावरील झाडांसाठी दगड रचून केलेल्या वाफ्याबद्दल. ही पद्धत युरोपात वाढली. लंडनच्या चेल्सी फिजिक गार्डनमधील दगडांचा वाफा १७७३ सालचा आहे. त्यात आइसलँडहून आणलेला लाव्हा खडकही वापरला आहे. क्यू येथील रॉक गार्डन १८८२ चे. आपल्या देशात दार्जिलिंगचे लॉइड बोटॅनिक गार्डन १८७८ पासून आहे आणि थंड हवेतील झाडे तिथे जवळून पाहता येतात.

या वनस्पती कुठल्या?

डोंगरावर जसजसे वर जावे तसतशी झाडे खुजी होत जातात आणि एका उंचीनंतर मोठी झाडे संपतात. युरोपातील आल्प्स पर्वतात ही रेषा साधारण २,००० मीटरच्या आसपास, तर पश्चिम हिमालयात साधारण ३,५०० मीटरच्या आसपास येते. या रेषेच्या वरचा पट्टा म्हणजे अल्पाइन पट्टा. तिथे वारा जबरदस्त, ऊन तिखट, रात्री थंड आणि वाढीचे दिवस जेमतेम तीन-चार महिने. माती म्हणाल तर दगडांच्या चुऱ्यात मिसळलेले थोडेसे कुजलेले पान. उभे वाढणारे झाड अशा जागी टिकत नाही. म्हणून इथल्या वनस्पती जमिनीला चिकटून, फांद्या एकमेकींत घट्ट विणून गादी करतात. त्या गादीच्या आत वारा शिरत नाही. उन्हाच्या वेळी गादीचे तापमान बाहेरच्या हवेपेक्षा बरेच चढते आणि छोट्याशा उन्हाळ्यात झाडाला पुरेशी ऊब मिळते.

हिवाळ्यात त्यांच्यावर बर्फाचे पांघरूण असते. बर्फाखाली तापमान शून्याच्या आसपास स्थिर राहते आणि मुख्य म्हणजे झाड कोरडे राहते. बर्फ वितळला की मुळांना भरपूर पाणी मिळते, पण ते वाहते असते, साचत नाही. लागवडीचे जवळजवळ सगळे नियम या दोन वाक्यांतून निघतात.

आता महाराष्ट्राचा हिशेब करू. उंचीनुसार तापमान दर हजार मीटरला सरासरी साडेसहा अंश सेल्सिअसने उतरते. आपले सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटर. म्हणजे अगदी शिखरावरही समुद्रसपाटीपेक्षा हवा दहा-अकरा अंशांनीच थंड. महाबळेश्वर साधारण १,३५० मीटर, आणि तिथे पावसाळ्यात पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो. थोडक्यात, महाराष्ट्रात अल्पाइन पट्टा कुठेच नाही. स्ट्रॉबेरी येते म्हणून महाबळेश्वरात ही झाडेही येतील, असे गणित मांडू नये. स्ट्रॉबेरीचे पीक पावसाळा संपल्यावर लावून उन्हाळ्यात संपते, ही गादी मात्र बारमाही आहे. तिला जुलैही काढायचा असतो.

उष्ण रात्र हे मरण्याचे पहिले कारण. दिवसा पानांनी तयार केलेले अन्न झाड रात्री श्वसनात खर्च करते. थंडीला सरावलेल्या झाडाचा हा खर्च उबदार रात्री फार वाढतो आणि झाड हळूहळू उपाशी पडते. दुसरे कारण ओल. गादी घट्ट असल्याने आत शिरलेले पाणी सुकत नाही, आणि २५ अंशांच्या दमट हवेत बुरशीला याहून चांगली जागा मिळणार नाही. मध्यभागी तपकिरी डाग दिसतो, दोन दिवसांत तो हाताएवढा होतो आणि आठवड्याभरात गादी उचलून फेकावी लागते. बुरशीनाशकाने हे थोडे लांबते, थांबत नाही.

म्हणून पुढची लागवड पद्धत वाचताना जागा डोळ्यांसमोर ठेवा ती हिमाचल, उत्तराखंड, काश्मीर, सिक्कीम किंवा दार्जिलिंगच्या डोंगरातील, साधारण २,००० मीटरच्या वरची. तिथे बागेचे काम घेणाऱ्यांना आणि इंग्लंड-स्कॉटलंडसारख्या देशांत घरामागे बाग असलेल्या मराठी वाचकांना ती जशीच्या तशी उपयोगी पडेल. महाराष्ट्रात काय करावे ते शेवटी पाहू.

गादी की उशी, हे आधी ओळखा

बाजारात सगळ्यांनाच ‘मॅट’ म्हणतात, पण लागवडीच्या दृष्टीने यात दोन वेगळे प्रकार आहेत. ते ओळखता आले नाहीत तर पुढचे सगळे चुकते.

पहिल्या प्रकारात फांद्या जमिनीवर सरपटतात आणि पेरापेरांतून मुळे धरतात. थाईम आणि सेडमच्या बऱ्याच जाती अशा आहेत. ही खरी गादी. हिचा तुकडा कापून दुसरीकडे लावता येतो, मधला भाग मेला तरी कडेचा जगतो आणि चुका बऱ्यापैकी पोटात घातल्या जातात.

दुसऱ्या प्रकारात वर दिसणारी शेकडो टोके खाली एकाच सोटमुळावर उभी असतात. सायलीन अकॉलिस किंवा अँड्रोसेसच्या घट्ट गोल जाती या गटातल्या. ही गादी नव्हे, उशी. हिचे तुकडे करता येत नाहीत, मूळ दुखावले तर पूर्ण झाड जाते, आणि एकदा बसवल्यावर जागा बदलता येत नाही. सायलीन अकॉलिसची उशी शंभर वर्षांहून अधिक जगते, पण ती वाढते अतिशय सावकाश. वर्षभरात बाग भरून द्यायची अट असेल, तर उशीच्या वाटेला जाऊ नका.

ऑब्रिएटा या दोघांच्या मधली. ती पसरते गादीसारखी, पण मुळे बहुतेक मध्याशीच असतात. म्हणून तिची रोपे फाटे तोडून नव्हे, तर छाट कलमाने किंवा बियांपासून करतात.

रोप विकत घेताना कडेची एक फांदी अलगद उचलून पाहा. खालून पांढरी मुळे निघालेली दिसली तर गादी. एवढी तपासणी पुरेशी आहे.

जागा आणि दगड

झाडाखालची जागा घेऊ नये. सावलीपेक्षाही पानगळ आणि थेंबांचा त्रास जास्त होतो. बान किंवा चिनाराची पाने गादीवर पडून राहिली की खालचा भाग आठवड्याभरात पिवळा पडतो. हिमालयात पूर्वेकडे उतार असलेली जागा उत्तम, सकाळचे ऊन आणि दुपारी थोडी उसंत. दक्षिणेकडचा उतार खूप तापतो, तिथे सेडम आणि सेंपरव्हायव्हम चालतील. इंग्लंडात मात्र जितके ऊन मिळेल तितके घ्यावे.

निचरा तपासायला ३० सेंटिमीटर खोल खड्डा घ्या, पाण्याने भरा, मुरू द्या आणि पुन्हा भरा. दुसऱ्यांदा भरलेले पाणी तासाभरानंतरही खड्ड्यात दिसत असेल, तर जमिनीत लागवड करू नका. जमिनीच्या वर ३० ते ४५ सेंटिमीटर उंच वाफा बांधा.

दगड स्थानिकच घ्या. वाहतूक वाचते आणि बाग परकी दिसत नाही. एकाच जातीचा दगड वापरा. वजनाचा अंदाज आधी घ्यावा. ६० बाय ४० बाय ३० सेंटिमीटरचा काळा दगड साधारण २०० किलो भरतो, त्याला पहार आणि चार माणसे लागतात. सगळ्यात मोठा दगड आधी, सगळ्यात खाली बसवा. प्रत्येक दगडाचा एक तृतीयांश भाग तरी मातीत असावा. वरची बाजू किंचित मागे, म्हणजे डोंगराच्या पोटाकडे झुकलेली हवी. त्यामुळे पावसाचे पाणी दगडावरून मागे मुळांकडे जाते. दगड पुढे झुकलेला असेल तर पाणी समोर ओघळून जाते आणि फटीतले झाड पावसातही तहानलेले राहते. दगडावर थर किंवा रेषा दिसत असतील तर सगळ्या दगडांच्या रेषा एकाच दिशेने ठेवा. शेवटी दगडावर उभे राहून पाहा. हलला तर काढून पुन्हा बसवा.

मातीचा ढीग करून त्यावर दगड खोचून ठेवणे म्हणजे रॉक गार्डन नव्हे. रेजिनाल्ड फॅरर या इंग्रज लेखकाने १९०७ च्या आपल्या पुस्तकात अशा बागांची बदाम टोचलेल्या पुडिंगशी तुलना करून यथेच्छ थट्टा केली होती. आपण त्याला शिऱ्यावर टोचलेले बेदाणे म्हणू. शंभराहून अधिक वर्षे झाली, ढीग तसेच घातले जातात. दिसण्याचा प्रश्न बाजूला ठेवला तरी खोचलेल्या दगडाखाली मुळांना थंडावा मिळत नाही. भर उन्हाळ्यात शेतातला पुरलेला दगड उलथून पाहिला तर खाली ओल आणि गारवा सापडतो, हे तुम्हाला माहीत आहेच. अल्पाइन झाडाला दगड हवा असतो तो याचसाठी.

चुनखडीचाही विचार करावा. दगडावर व्हिनेगरचे चार थेंब टाका. फेस आला तर त्यात चुना आहे. ऑब्रिएटा, डायॲन्थस आणि पानांच्या कडेला पांढरी चुन्याची किनार येणाऱ्या सॅक्सिफ्रागा यांना असा दगड मानवतो. शरद ऋतूत फुलणाऱ्या निळ्या जेन्शियन सायनो-ऑर्नाटाला तो अजिबात चालत नाही, तिला आम्लधर्मी माती लागते.

मिश्रण

इथे सगळ्यात जास्त चुका होतात, म्हणून जरा सविस्तर.

सर्वसाधारण गादीसाठी घमेल्याच्या मापाने दोन भाग पोयटा, एक भाग चाळलेले पालापाचोळ्याचे खत आणि दोन भाग बारीक खडी घ्यावी. उशी करणाऱ्या आणि लवकर कुजणाऱ्या जातींसाठी खडी तीन भाग, पोयटा एक आणि पालापाचोळ्याचे खत एक. खडी ६ मिलिमीटरच्या आसपासची. हिमाचलमध्ये तिला बजरी म्हणतात. खडी धुतलेली असली पाहिजे. खाणीवरची कच किंवा न धुतलेली क्रश सँड वापरली, तर तिची भुकटी पोकळ्यांत बसते आणि पहिल्या पावसात मिश्रण सिमेंटसारखे होते. प्लास्टरची बारीक वाळूही याच कारणाने नको. ‘वाळू घातली की निचरा होतो’ हा समज अर्धाच खरा आहे. निचरा दाण्याच्या आकाराने होतो आणि बारीक वाळू तो बिघडवते. काळी माती तर एक घमेलेही नको. ती फुगते, खडीचे दाणे गिळते आणि सुकल्यावर भेगाळून मुळे तोडते. शेणखत आणि गांडूळखत या वाफ्यात घालू नये.

मिश्रणाची पारख हाताने करा. ओलसर मिश्रण मुठीत दाबा आणि मूठ उघडा. लाडू झाला पाहिजे, पण बोटाने स्पर्श करताच फुटला पाहिजे. फुटला नाही तर खडी वाढवा.

किती लागेल? दहा चौरस मीटर वाफा ३० सेंटिमीटर भरायचा तर तीन घनमीटर, म्हणजे एक ब्रासहून थोडे जास्त मिश्रण. मिसळल्यावर माती खडीच्या पोकळ्यांत शिरून आकारमान कमी होते, त्यामुळे साहित्य थोडे जास्त धरावे. वर पसरायला तीन सेंटिमीटरचा खडीचा थर लागतो, त्यासाठी ब्रासचा साधारण दहावा भाग.

हा वरचा खडीचा थर शोभेसाठी नाही. झाडाचा गळा, म्हणजे खोड आणि मूळ यांचा सांधा, कुजतो तेव्हा गादी मरते. खडीमुळे गळा कोरडा राहतो, चिखल पानांवर उडत नाही, तण कमी येते आणि हिवाळ्यात गोठलेली जमीन रोप वर ढकलते ते प्रमाणही घटते. खर्च कमी करायचाच असेल तर एखादा दगड कमी घ्या, हा थर वगळू नका.

कुंडीच्या तळाशी विटांचे तुकडे घालण्याची पद्धत सर्रास आहे. त्याचा फारसा उपयोग नाही. पाणी बारीक थरातून एकदम जाड थरात सहज उतरत नाही, उलट सीमेवर अडून राहते. संपूर्ण मिश्रणच जाड ठेवणे बरे.

कोणत्या जाती?

जात निवडताना थंडीपेक्षा पाऊस कोणत्या ऋतूत पडतो ते आधी विचारा. युरोपाच्या दक्षिणेकडच्या आणि तुर्कस्तानच्या डोंगरांतून आलेल्या ऑब्रिएटाला उन्हाळा कोरडा लागतो. हिमालयाच्या पावसाळी उतारांवरच्या जातींना मात्र जुलै-ऑगस्टचा पाऊस ठाऊक असतो. म्हणूनच शिमला, मनालीकडच्या बागेत युरोपातली प्रसिद्ध नावे चाचपडतात आणि घरच्या जाती बहरतात. तरीही ग्राहक आणि माळी दोघेही परदेशी नावांच्या मागे असतात, याचे नवल वाटते.

बिस्टॉर्टा व्हॅक्सिनिफोलिया ही हिमालयातली गादी उन्हाळ्याच्या शेवटी गुलाबी तुऱ्यांनी भरते. ब्रिटनमधल्या बागांत ती पुष्कळ दिसते. तिची भावंड बिस्टॉर्टा अफिनिस थोडी दणकट आणि नवशिक्याला सोपी. थायमस लिनिअरिस म्हणजे पश्चिम हिमालयातली बनअजवायन. पाय पडला तरी सुगंध देते आणि स्वयंपाकातही चालते. अँड्रोसेस लॅन्युजिनोसा ही रुपेरी लवदार पानांची, दगडावरून खाली लोंबणारी पश्चिम हिमालयातली जात दिसायला अप्रतिम. मात्र तिच्या पानांवरची लव पाणी धरून ठेवते, त्यामुळे संततधारेत डोक्यावर आडोसा लागतो. सेडम एवर्साय कोरड्या, उन्हाच्या जागी चांगली. लाहौल-स्पीती आणि लडाख पर्जन्यछायेत असल्याने तिथे पाणी देण्याची सोय असेल तर युरोपीय जातीही चालण्यासारख्या आहेत.

परदेशी जातींत सेंपरव्हायव्हम सगळ्यात सोशिक. तिचे फूल आलेले गुच्छ मरते, पण भोवतालची पिल्ले जगतात. ग्राहकाला हे आधीच सांगून ठेवावे, नाहीतर झाड मेल्याची तक्रार येते. उत्तर अमेरिकेतली फ्लॉक्स सबुलाटा आणि युरोपातली डायॲन्थस डेल्टॉइड्स लवकर पसरतात, त्यामुळे मोठी जागा भरायला सोयीच्या.

लागवड आणि देखभाल

डोंगरात मार्च-एप्रिल किंवा पावसाळा ओसरल्यावर सप्टेंबरमध्ये लागवड करावी. पसरणाऱ्या जातींसाठी दोन रोपांत ३० सेंटिमीटर अंतर पुरते, म्हणजे चौरस मीटरला अकरा रोपे. दाट लावून लवकर भरलेली बाग लवकर कुजतेही.

कोकोपीटमधले रोप तसेच्या तसे लावू नका. खडीदार मिश्रणात कोकोपीटचा गोळा एकतर पाणी धरून बसतो, नाहीतर एकदा सुकला की पुन्हा भिजत नाही. मुळे त्याच्या बाहेर जात नाहीत. रोप पाण्यात बुडवून निम्म्याहून अधिक कोकोपीट हलक्या हाताने झटकून टाका, मुळे पसरवून लावा, गळ्याभोवती खडी भरा. उशी प्रकारात मात्र मूळ दुखावता येत नाही, म्हणून तिची रोपे सुरुवातीपासूनच खडीदार मिश्रणात वाढवलेली घ्यावीत. फटीत लावायचे असेल तर दगड रचतानाच लावणे सोपे. नंतर फटीत रोप कोंबताना निम्मी मुळे तुटतात.

पहिले सहा आठवडे मुळाशी ओल राहील असे पाणी द्या. त्यानंतर क्वचित पण खोलवर, सकाळच्या वेळी. रोज थोडे थोडे शिंपडल्याने मुळे वरच राहतात आणि गादी मात्र कायम ओली.

खताचा मोह टाळावा. वसंतात मूठभर हाडांचा चुरा पूर्ण चौरस मीटरला पुरतो. १९:१९:१९ ची फवारणी केली तर आठ दिवसांत हिरवेगार दिसते, पण फांद्या लांब, पोकळ आणि मऊ होतात. गादी मधून उघडते, तिथे पाणी शिरते आणि सड सुरू होते. उपाशी ठेवलेली गादीच घट्ट राहते.

फुले संपली की ऑब्रिएटा आणि डायॲन्थस निम्म्यापर्यंत कात्रीने छाटा. थाईमला हलकी छाटणी पुरे. दोन-तीन वर्षांनी गादीचा मध्य उघडा पडू लागतो. तेव्हा बारीक खडी, पोयटा आणि पालापाचोळ्याचे खत समभाग मिसळून त्या उघड्या फांद्यांवर बोटांनी चोळून भरावे. झाकलेल्या फांद्यांना नवी मुळे फुटतात.

तण हीच खरी मजुरी. गादीत गवत किंवा आंबुटी शिरली की उपटताना गादी फाटते. तण दोन पानांवर असताना चिमट्याने काढावे. तणनाशक येथे चालत नाही. गोगलगायींसाठी संध्याकाळी फेरी मारून हाताने वेचणे उत्तम.

पावसाळ्यात लवदार जातींवर पॉलिथिनचे छप्पर करावे, पण चारही बाजू उघड्या हव्यात. बंद केले तर आत वाफ धरते आणि पावसापेक्षा जास्त नुकसान होते. ब्रिटनमध्ये हाच आडोसा हिवाळ्यात, काचेच्या तुकड्याने करतात, कारण तिथला हिवाळा ओला असतो. बर्फ न पडता नुसती कडक थंडी पडणाऱ्या जागी रोपे उचलली गेली आहेत का ते फेब्रुवारीत पाहा आणि हाताने पुन्हा दाबा.

रोपे तयार करणे

ऑब्रिएटा, थाईम आणि डायॲन्थसचे बी १५ ते २० अंशांत दोन-तीन आठवड्यांत उगवते. जेन्शियन, अँड्रोसेस, सॅक्सिफ्रागा यांच्या बियांना आधी थंडी लागते. बी ओलसर वाळूत मिसळून पिशवीत बंद करा आणि फ्रिजमध्ये साधारण ४ अंशांवर सहा ते आठ आठवडे ठेवा. फ्रीझरमध्ये नव्हे. डोंगरात राहत असाल तर शरदात पेरलेला ट्रे हिवाळाभर बाहेर ठेवणे त्याहून सोपे. बी मातीने झाकण्याऐवजी त्यावर बारीक खडीचा पातळ थर द्यावा. काही बी पहिल्या वसंतात उगवत नाही, दुसऱ्या वर्षी उगवते. ट्रे फेकू नका.

छाट कलमासाठी फुलोरा संपल्यावर तीन ते पाच सेंटिमीटरचे, फूल नसलेले शेंडे घ्यावेत आणि जाड वाळूत लावावेत. चार-सहा आठवड्यांत मुळे धरतात. सेंपरव्हायव्हमची पिल्ले तोडून नुसती खडीवर ठेवली तरी रुजतात.

जंगलातून किंवा बुग्यालातून रोपे खणून आणू नका. संरक्षित क्षेत्रातून झाड उचलणे हा गुन्हा आहे, आणि खणलेली प्रौढ उशी क्वचितच जगते. हिमालयातील जटामांसी आणि कुटकी यांसारख्या वनस्पती आंतरराष्ट्रीय व्यापार नियंत्रणाच्या यादीत आहेत. परदेशातून बी किंवा रोपे मागवायची असतील तर वनस्पती क्वारंटाईन आदेश, २००३ नुसार आयात परवाना आणि पाठवणाऱ्या देशाचे पीक आरोग्य प्रमाणपत्र लागते. टपालाने आलेले पाकीट या नियमातून सुटत नाही.

महाराष्ट्रात काय करता येईल?

रचना तीच ठेवा, झाडे बदला. दगड, खडीदार मिश्रण आणि वरचा थर आपल्या उष्ण हवेतही उपयोगी आहे. उन्हाच्या, कोरड्या वाफ्यात पोर्चुलाका म्हणजे चिनी गुलाब मार्चपासून पावसापर्यंत भरघोस फुलतो. ओल राहणाऱ्या तळाच्या भागात जलपिंपळी चांगली गादी करते आणि पाय पडला तरी टिकते. हिवाळ्यासाठी ऑक्टोबरमध्ये ॲलिसम, व्हर्बिना आणि हंगामी फ्लॉक्स लावले, तर डिसेंबर ते फेब्रुवारी छायाचित्रातल्यासारखा देखावा मिळतो. तो हंगामी आहे आणि दरवर्षी नवी रोपे लागतील, हे दरपत्रकातच लिहून द्यावे. वेडेलिया झपाट्याने पसरतो म्हणून अनेक जण लावतात. तो बागेबाहेर ओढ्याकाठी पळतो, तेव्हा डोंगराळ भागातल्या बागेत नकोच.

सह्याद्रीच्या सड्यांवर, कास पठारावर पावसाळ्यात जी खुजी फुले गालिचा करतात, ती पाहून ‘हीच उचलून लावू’ असा विचार मनात येतो. ती कातळावरच्या बोटभर मातीत, चार महिने पाणी आणि आठ महिने रखरखाट अशा चक्रात जगणारी झाडे आहेत. अनेक जाती हंगामी आहेत, काही जगात दुसरीकडे कुठे सापडत नाहीत, आणि कास हा २०१२ पासून जागतिक वारसा स्थळांत समाविष्ट असलेल्या पश्चिम घाटाचा भाग आहे. तिथून काहीही उचलू नये.

एखाद्या ग्राहकाचा खऱ्या अल्पाइन जातींचाच हट्ट असेल, तर पूर्ण बागेचे काम घेण्याआधी एक चौरस मीटरचा उंच वाफा करा, तीन जातींची अकरा रोपे लावा आणि मे ते ऑक्टोबर त्याची नोंद ठेवा : रात्रीचे किमान तापमान, पावसाचे सलग दिवस, कोणते रोप कोणत्या तारखेला मधून तपकिरी झाले. ग्राहकालाच तो वाफा ऑगस्टमध्ये दाखवा.